घरच्या स्विमिंग पूलचा पंप दर जानेवारीत फुटतो? ग्वाल्हेरच्या थंडीत नेमकं कुठे बघायचं

व्यापार मेळा भरात असतो, संक्रांत तोंडावर आलेली असते आणि नेमके तेव्हाच फोन सुरू होतात. कुणाच्या पंपाखाली थारोळं साचलेलं असतं, कुणाच्या फिल्टरचं दाब दाखवणारं गेज गेलेलं असतं, कुणाच्या गच्चीवरच्या सोलरची नळी उभी चिरलेली असते. दुरुस्ती होते, पैसे जातात आणि पुढच्या जानेवारीत तेच घर, तीच तक्रार. पूलच्या देखभालीचं काम करताना हे चक्र मी इतकं पाहिलं आहे की त्यावर एकदा सविस्तर लिहायलाच हवं होतं. हे नुकसान जवळजवळ पूर्ण टाळता येतं आणि त्यासाठी महागडं काही घ्यावं लागत नाही.

जीवाजीगंजातल्या एका काकूंनी विचारलेला प्रश्न बहुतेकांच्या मनात असतो. त्या म्हणाल्या, "अहो दादा, आम्ही तर दिवाळीनंतर पंपाला हातही लावत नाही. वापरतच नाही तो पंप फुटतो कसा?"

काकू, वापरत नाही म्हणूनच तो फुटतो. बंद केलेल्या पंपात पाणी भरलेलंच राहतं. चालू पंप थंडीत सहसा फुटत नाही, कोरडा पंपही फुटत नाही. फुटतो तो बंद असलेला आणि आत पाणी असलेला पंप. पाइप, व्हॉल्व्ह, गेज, फिल्टर, सोलरचे पॅनल, सगळ्यांना हाच नियम लागू आहे. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

पूल गोठत नाही

थंडीची लाट आली की लोक पूलच्या पाण्याकडे बघत बसतात. ती काळजी सोडा. 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि सरासरी 1.4 मीटर खोल पूल धरला तर त्यात सुमारे 45,000 लिटर पाणी मावतं. ते 13 अंशांवरून 4 अंशांवर यायला चार लाखांहून अधिक किलोकॅलरी उष्णता बाहेर पडावी लागते. विजेच्या हिशेबात सांगायचं तर 470 युनिटच्या आसपास. आपल्याकडच्या एका थंड रात्रीत पूलचं पाणी फार तर अंश-दीड अंश उतरतं, आणि दिवसा ऊन पडलं की त्यातलं बरंचसं परत मिळतं. धुक्यामुळे चार-पाच दिवस सूर्यच दिसला नाही तर पाणी आणखी थोडं खाली जातं, हात घालवत नाही इतकं गार होतं, पण बर्फापासून ते लांबच असतं.

शिवाय पाणी 4 अंशांना सर्वांत जड असतं. त्यामुळे वरचा थर गार झाला की खाली जातो आणि खालचं तुलनेनं कोमट पाणी वर येतं. ही उलथापालथ सगळा पूल 4 अंशांवर येईपर्यंत चालूच राहते. बर्फ धरायचा तो त्यानंतर. म्हणून कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात करतात तसं पाण्याची पातळी उतरवणं, कॉम्प्रेसरनं लाइनींतून हवा मारणं, पाण्यावर हवेच्या उशा तरंगत ठेवणं, पाइपांत प्रॉपिलीन ग्लायकॉल हे सहज न गोठणारं द्रव भरणं, यातलं काहीही ग्वाल्हेरात लागत नाही. जमिनीखालच्या पाइपांचीही चिंता नको. हातभर खोलीवर माती जानेवारीतही उबदारच असते.

आता दुसरं टोक बघा. अर्ध्या इंची पाइपाच्या मीटरभर तुकड्यात पाव लिटरसुद्धा पाणी नसतं. तेवढ्या पाण्याची ऊब उघड्यावर तास-दोन तासांत निघून जाते. पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढतं. पूलमध्ये वाढायला जागा आहे, बंद नळीत नाही.

हवामान खात्याचा आकडा आणि तुमची गच्ची

"पण पारा तर 4 अंशांवर होता, शून्याखाली गेलाच नाही. मग बर्फ कुठून?" हा दुसरा हमखास प्रश्न.

वर्तमानपत्रात येणारं किमान तापमान पांढऱ्या झरोक्यांच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर मोजलेलं असतं. त्या पेटीला वर छप्पर असतं. तुमच्या गच्चीवरच्या पाइपाला ते नसतं. ढग नसलेल्या, कोरड्या, वारा पडलेल्या रात्री उघड्यावरची प्रत्येक वस्तू आपली उष्णता सरळ आकाशाकडे फेकत असते आणि भोवतीच्या हवेपेक्षा चार-पाच अंशांनी गार होते. हवा 4 अंश असली तरी पाइपाचा पृष्ठभाग शून्यावर किंवा त्याखाली गेलेला असतो. मुरैना-भिंडकडचे मोहरीचे शेतकरी हे पक्कं ओळखतात. आकाश स्वच्छ आणि वारा बंद दिसला की ते संध्याकाळीच शेताला हलकं पाणी देऊन टाकतात.

ही काही नवी गोष्ट नाही. उत्तर भारतात पूर्वी याच तत्त्वावर बर्फ पिकवत असत. सर रॉबर्ट बार्कर यांनी 1775 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याची माहिती लिहून पाठवली होती. जमिनीत उथळ खड्डे करून त्यात उसाची चिपाडं किंवा मक्याची ताटं पसरायची, त्यावर मातीची सच्छिद्र पसरट भांडी मांडायची, त्यांत थोडंसं पाणी ओतायचं आणि पहाटे बर्फ गोळा करायचा. अलाहाबादच्या परिसरात हे चालायचं, आणि ग्वाल्हेर त्याहूनही उत्तरेला आहे.

हाच प्रयोग तुम्ही पूलपाशी करा, मी तो प्रत्येकाला करायला सांगतो. एक स्टीलचं ताट घ्या, थर्मोकोलच्या तुकड्यावर ठेवा, त्यात बोटाच्या पेराएवढंही नाही इतकं पाणी घाला आणि रात्री उघड्या आकाशाखाली, पंपाच्या शेजारी ठेवून द्या. सकाळी सूर्य वर यायच्या आत बघा. पाण्यावर काचेसारखी पापडी धरली असेल, तर त्या जागेवरच्या उघड्या पाइपांना धोका आहे, मग फोनमध्ये तापमान काहीही दाखवो. दुसरं ताट पत्र्याच्या छपराखाली ठेवलंत तर फरक डोळ्यांना दिसेल. छपराखालचं पाणी बहुधा तसंच असतं.

यातून दोन गोष्टी निघतात. दाट धुक्याची रात्र अंगाला जास्त बोचते, पण पाइपांसाठी ती बरी, कारण धुकं पांघरुणाचं काम करतं. खरी घातक रात्र म्हणजे पाऊस-ढग येऊन गेल्यावर आकाश धुऊन निघालेलं आहे, दिवसभर उत्तरेचं वारं वाहिलं आहे आणि संध्याकाळी ते अचानक पडलं आहे. आणि गार हवा जड असल्यामुळे ती खोलगट जागी साचते. आपल्याकडे पंप बहुतेक वेळा पूलच्या बाजूच्या खड्ड्यात बसवलेला असतो, वर झाकणही नसतं. घराच्या आवारातली सर्वांत गार जागा तीच.

आधी कुठे फुटलंय ते ओळखा

पाणी रात्री गळत नाही. बर्फानं चीर बुजवलेली असते. नऊ-दहाला ऊन लागतं, बर्फ वितळतो आणि मग धार सुरू होते. म्हणून लोकांना वाटतं की पाइप दिवसा फुटला, कुणाचा तरी पाय लागला असेल. माळीबाबांना बोलणी बसतात. त्यांचा काही दोष नसतो.

चीर कशी आहे तेही बोलतं. गोठून फुटलेला पाइप लांबीच्या दिशेनं उभा चिरतो. तांब्याची नळी असेल तर चिरेपाशी फुगलेली दिसते. जोडापाशी गोल गळती असेल तर ते थंडीचं काम नाही, पाइप जोडायचं सॉल्व्हंट सिमेंट नीट बसलेलं नाही. आणि पाइप अंड्याच्या कवचासारखा तुकड्या-तुकड्यांनी तुटला असेल तर तो वर्षानुवर्षं उन्हात राहून ठिसूळ झाला आहे. असा यूपीव्हीसीचा, म्हणजे कडक प्लॅस्टिकचा, पाइप थंडीत जरा धक्का लागला तरी जातो. त्याला नुसता तुकडा जोडून भागत नाही, उघड्यावरची सगळी लाइन बदलून तिला रंग द्यावा लागतो.

केसासारखी बारीक चीर ओल्या पंपावर दिसत नाही. त्यासाठी पंप बंद करून कोरड्या फडक्यानं पुसा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी या. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. चिरेतून झिरपलेलं पाणी सुकतं आणि मागे खडूनं ओढल्यासारखी पांढरी रेघ ठेवून जातं. बास्केटच्या (कचरा अडवणाऱ्या जाळीच्या) भांड्याचा तळ, झाकणाच्या आट्यांची कड आणि ड्रेन प्लगच्या, म्हणजे पाणी काढायच्या बुचाच्या, भोवतालची जागा, या तीन ठिकाणी नखानं चाचपून बघा. रेघ पुसली तरी नख अडकत असेल तर ती चीरच.

पंप चालू असताना बाहेर पाणी दिसत नाही पण पूलमध्ये पाणी परत सोडणाऱ्या तोंडातून, म्हणजे इनलेटमधून, सारखे बुडबुडे येतात, बास्केटचं भांडं पूर्ण भरत नाही, असं असेल तर चीर पंपाच्या आधीच्या, म्हणजे ओढणाऱ्या बाजूला आहे. तिथून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. दाढीचा फेस घ्या आणि पंप चालू ठेवून एकेका जोडावर लावत जा. जिथे फेसाला खळी पडून तो आत ओढला जातो, ती जागा. पंपाच्या पुढच्या बाजूची चीर उलट वागते, पंप चालू झाला की पिचकारी मारते.

एक गोष्ट अनुभवी प्लंबरही विसरतात. बर्फ जिथे धरला तिथेच पाइप फुटेल असं नाही. बर्फाचा गोळा वाढताना पुढच्या पाण्याला ढकलतो. पुढचा नळ किंवा व्हॉल्व्ह घट्ट बंद असेल तर त्या कोंडलेल्या पाण्यावर प्रचंड दाब येतो आणि पाइप तिथे फुटतो. त्यामुळे चीर सावलीतल्या, भिंतीलगतच्या सुरक्षित तुकड्यात सापडते आणि सगळे बुचकळ्यात पडतात. दुरुस्ती करताना मागे जाऊन बर्फ धरणारी उघडी जागा शोधली नाही, तर पुढच्या वर्षी तोच पाइप पुन्हा चिरतो. तक्रार दरवर्षी परत येण्याचं हे एक मोठं कारण आहे.

चालू ठेवा, नाहीतर कोरडा करा

घरात माणसं राहत असतील तर माझं मत स्पष्ट आहे: पंप चालू ठेवा. शिवपुरी लिंक रोडकडच्या फार्महाउससारखी जागा असेल, जिथे आठवडाभर कुणी फिरकत नाही, तर सगळं कोरडं करा. अधलंमधलं काही नको.

चालू ठेवणं स्वस्तात होतं, कारण हिवाळ्यात फिल्टर चार-पाच तास तरी चालवायचा असतोच. बहुतेकांचा टायमर दुपारी लावलेला असतो. तो पहाटेवर न्या. तापमान सर्वांत खाली जातं ते सूर्योदयाच्या सुमारास, म्हणून पहाटे तीन ते आठ ही वेळ ठेवा. एक अश्वशक्तीचा पंप तासाला साधारण एक युनिट घेतो. तास तेवढेच राहिल्यामुळे बिल वाढत नाही. फारच कडाक्याच्या रात्री मध्यरात्रीपासून चालू करा. वाहणारं पाणी पूलमधून येतं, ते दहा-बारा अंशांचं असतं आणि पाइपांना ऊब देत राहतं.

फक्त एक तपासा. पंप चालू म्हणजे सगळ्या लाइनींत पाणी वाहतंय असं नाही. पाण्यावरचा कचरा ओढणाऱ्या स्किमरची लाइन, तळाच्या मेन ड्रेनची लाइन, तळ साफ करायच्या व्हॅक्यूमचा पॉइंट, कारंजं किंवा धबधबा यांचे व्हॉल्व्ह वेगवेगळे असतात. उन्हाळ्यात बंद केलेला कारंज्याचा व्हॉल्व्ह तसाच राहतो आणि पंप रात्रभर चालूनही नेमकी तीच लाइन फुटते. प्रत्येक व्हॉल्व्ह थोडा तरी उघडा ठेवा आणि रात्री टॉर्च घेऊन प्रत्येक तोंडातून पाणी येतंय ना ते बघा.

तापमान उतरलं की आपोआप पंप सुरू करणारा फ्रीज गार्ड मिळतो. घेतलात तर सेन्सर घराच्या भिंतीला लावू नका, भिंत दिवसाची ऊब धरून ठेवते. तो उघड्या पाइपाला बांधा आणि 4-5 अंशांवर लावा.

पण या सगळ्याचा जीव विजेत आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात थंडीचं वादळ आलं तेव्हा घरोघरच्या पूलना आपोआप सुरू होणारे पंप होते. वीजच गेली. 45 लाखांहून अधिक घरं आणि दुकानं-कचेऱ्या अंधारात गेल्या, पाण्यानं भरलेले पंप थांबले आणि फुटले. तिथली थंडी आपल्यापेक्षा फार कडक होती, धडा मात्र आपल्यालाही लागू आहे. घरचा इन्व्हर्टर पूलचा पंप ओढत नाही. म्हणून पहाटे वीज गेली तर काय उघडायचं हे घरातल्या एका तरी माणसाला हातानं करून दाखवलेलं असावं. थोडा वेळ गेली तर काही होत नाही. तासाभराहून जास्त गेली आणि आकाश स्वच्छ असेल, तर उठून, पुढे दिलेला क्रम सांभाळून, पंपाचे ड्रेन प्लग काढायचे.

आणि पंपाच्या खड्ड्यावर छप्पर घाला. पत्रा, जुनी ताडपत्री, बांबूची चटई, काहीही चालेल, आकाश दिसता कामा नये. गोणपाट गुंडाळण्यापेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त होतो. गोणपाट दवानं भिजलं की उलट गारवा धरतं. गुंडाळायचंच असेल तर एसीच्या पाइपाला असतो तसा काळा फोम घाला आणि वरून प्लॅस्टिकची टेप मारा. मोटर मात्र पेटीत कोंडू नका, चालू मोटरला हवा लागते. खड्ड्यात शेगडी किंवा कोळसे ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो, वास येत नाही आणि आत उतरलेला माणूस तिथेच पडतो.

कोरडं करायचं असेल तर क्रम सांभाळा

आधी एमसीबी खाली पाडा. नंतर पंप पूलच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे की वर, हे बघा. खाली असेल तर ओढणारा आणि परत सोडणारा असे दोन्ही मुख्य व्हॉल्व्ह बंद केल्याशिवाय कुठल्याही प्लगला हात लावायचा नाही. नाहीतर सगळा पूल त्या खड्ड्यात रिकामा होईल आणि मोटर बुडेल.

मग पंपाचं झाकण उघडून बास्केट काढा. पंपाला खालच्या अंगाला बहुधा दोन ड्रेन प्लग असतात, एक बास्केटच्या भांड्याखाली, दुसरा पंख्याच्या घराखाली. लोक पहिला काढतात आणि पाणी आलं म्हणून थांबतात. फुटतो तो दुसरीकडचा भाग. दोन्ही काढा. फिल्टरच्या तळाचा प्लग आणि वरचा हवा सोडायचा स्क्रू उघडा, रेती आत राहू द्या. फिल्टरमधल्या पाण्याची वाट बदलणाऱ्या मल्टिपोर्ट व्हॉल्व्हचा दांडा दाबून दोन खुणांच्या मध्ये ठेवा म्हणजे कुठल्याच कप्प्यात पाणी कोंडत नाही. प्रेशर गेज हातानं फिरवून काढा आणि घरात नेऊन ठेवा. त्याच्या आत पितळेची वाकडी बारीक नळी असते, घोटभर पाण्याचा बर्फ तिला सरळ करून टाकतो. पंप बंद असतानाही काटा शून्यावर येत नसेल तर गेज गेलंच म्हणून समजा.

बॉल व्हॉल्व्हचं एक गुपित आहे. तो बंद केला की त्याच्या गोळ्याच्या पोकळीत पाणी अडकतं. म्हणून जे व्हॉल्व्ह बंद ठेवायची गरज नाही ते अर्धे, तिरके ठेवा. जे बंद ठेवावेच लागतात त्यांना फोम आणि प्लॅस्टिक गुंडाळा.

काढलेले सगळे प्लग आणि ओ-रिंग (गळती थांबवणाऱ्या रबरी कड्या) बास्केटमध्ये टाकून बास्केट घरात ठेवा. क्लोरीनच्या फीडरमधल्या गोळ्या काढून कोरड्या डब्यात ठेवताना त्या ब्लीचिंग पावडरच्या किंवा कॅल्शियम हायपोक्लोराइटच्या डब्यात कधीच टाकू नका. ही दोन क्लोरीनं एकत्र आली तर आग किंवा स्फोट होऊ शकतो.

गाडीचा कूलंट पाइपात ओतायचा विचारही नको. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, आणि ते पाणी शेवटी पोहणाऱ्यांच्या तोंडात जातं.

गच्चीवरचं सोलर

पूल गरम करायला काळ्या रबरी किंवा प्लॅस्टिकच्या नळ्यांचे पॅनल लावलेले असतील, तर पंप थांबल्यावर त्यातलं पाणी उतारानं आपोआप पूलमध्ये परत यायला हवं. त्यासाठी वरच्या टोकाला हवा आत घेणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. तो क्षारानं जाम झाला की पाणी वरच अडकतं. दिवाळीनंतर तो काढून व्हिनेगरमध्ये भिजवून साफ करा. मग पॅनलकडे जाणारा पाइप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजरेनं मोजा. दोन आधारांच्या मध्ये तो लोंबला असेल तर त्या झोळात पाणी राहतंच, आणि तोच तुकडा दरवर्षी फुटतो. तिथे आणखी एक क्लॅम्प मारला की काम झालं. रात्री पंप चालवताना सोलरची लाइन बायपास करायला विसरू नका, नाहीतर पूलची ऊब रात्रभर आकाशात फेकली जाईल.

अंघोळीच्या पाण्याच्या सोलरमध्ये काचेच्या पेटीतल्या तांब्याच्या नळ्यांचा जुना प्रकार असेल तर तोही असाच गोठतो. काचेच्या पोकळ नळ्यांचा प्रकार बराच सुरक्षित असतो, पण त्याला थंड पाणी देणारी लाइन उघडीच असते.

सकाळी गोठलेलं सापडलं तर

पंप चालू करू नका. बटण दाबल्यावर नुसती गुणगुण ऐकू आली तर त्या क्षणी बंद करा, पंखा बर्फात अडकलेला असू शकतो. जोर लावला तर पंखा तुटतो किंवा वाइंडिंग जळतं. आधी पुढचा नळ किंवा व्हॉल्व्ह उघडा म्हणजे दाब मोकळा होईल. मग नळाच्या बाजूनं सुरुवात करून मागे मागे जात कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं पाइपावर फिरवा. उकळतं पाणी ओतू नका, गार प्लॅस्टिक तडकतं. पेटता बोळा तर अजिबात नको. घाई नसेल तर नुसतं ऊन येऊ द्या.

चीर सापडली तर पाइपाला एम-सील लावून दोन दिवस ढकलता येतात, त्याहून जास्त नाही. नवा तुकडा जोडल्यावर थंडीत सॉल्व्हंट सिमेंट सुकायला जास्त वेळ लागतो, एक पूर्ण दिवस पाणी सोडू नका. फिल्टरच्या टाकीला चीर असेल तर मात्र काहीही चिकटवून चालवू नका. ती दाबाखालची टाकी आहे, फुटली तर झाकण उडून माणसाला लागू शकतं.

पूलचं पाणी

पूल रिकामा करण्याचा मोह होतो, करू नका. पावसाळ्यानंतर जमिनीतलं पाणी वर असेल तर रिकामी टाकी खालून उचलली जाते, टाइल सुटतात, आणि रिकाम्या खड्ड्यात मूल किंवा जनावर पडण्याची भीती वेगळीच. पाणी असू द्या, पीएच 7.2 ते 7.6 च्या दरम्यान आणि क्लोरीन 1 पीपीएमच्या वर ठेवा. गार पाण्यात शेवाळ हळू वाढतं, त्यामुळे क्लोरीन कमी खर्च होतं. ताडपत्री टाकणार असाल तर ती कडांना ताणून बांधा. पाण्यावर सैल पसरलेली ताडपत्री म्हणजे लहान मुलांसाठी सापळा.

लक्ष द्यायची वेळ फेब्रुवारीच्या मध्यापासून येते. आपल्याकडे ऊन झपाट्यानं चढतं, त्याच सुमारास पिंपळाची पानगळ सुरू होते, आणि पंप अजून बंदच असतो. आठवडाभरात पाणी हिरवं. थंडी ओसरली की टायमर पुन्हा दिवसावर आणून तास वाढवा.

कोरडा केलेला पंप पुन्हा सुरू करताना ओ-रिंगना सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलीन रबर फुगवतं. दोन्ही ड्रेन प्लग हातानंच आवळा, पान्यानं आवळले तर आटे जातात. बास्केटचं भांडं पाण्यानं भरून झाकण लावा, मुख्य व्हॉल्व्ह उघडा, मल्टिपोर्ट फिल्टरच्या खुणेवर आणा, वरचा हवेचा स्क्रू सैल ठेवा आणि मगच बटण दाबा. स्क्रूतून हवा जाऊन सलग पाणी आलं की तो बंद करा. पहिला तासभर तिथेच थांबा, गेजवरचा आकडा भिंतीवर पेन्सिलीनं लिहून ठेवा आणि पंपाखाली कोरडा पुठ्ठा सरकवा. संध्याकाळी पुठ्ठा कोरडा असेल तर पंप शाबूत आहे.